गुपित कोणाच्या कानी?

सलगीच्या तंत्रज्ञानाची वकिली करणारा एक युक्तिवाद सध्या सुशिक्षित घरांतून मोठ्या आदराने ऐकला जात आहे. तो थोडक्यात असा : तरुण मनुष्याला आपण कोण आहोत, आपले मन कोणाकडे ओढ घेते, आपल्या देहाशी आपले नाते काय, याचा शोध घ्यावयाचा असतो, घरात बोलता येत नाही, शाळेत हसे होते, चर्चमध्ये भीती वाटते, अशा वेळी खिशातील मोबाइलवर प्रेमळपणे बोलणारे यंत्र त्याला आपली ओळख पटविण्यास साह्य करते. यंत्र रागावत नाही, कोणाला सांगत नाही, आणि पहाटे तीन वाजताही जागे असते. मग अशा निरुपद्रवी मित्राला विरोध का करावा?

ह्या युक्तिवादाला आमचा विरोध आहे. परंतु तो ज्या दुःखातून जन्मला आहे त्या दुःखाला आमचा विरोध नाही, हे आरंभीच स्पष्ट करणे अगत्याचे आहे. कारण आमच्या समाजातील विरोधकांपैकी पुष्कळांना हा भेद करता येत नाही. त्यांना मोबाइल हिसकावून घेतला की प्रश्न संपला असे वाटते.

यंत्राच्या बाजूने जे खरे आहे ते आधी मान्य करू. आमची मराठी भाषा ह्या विषयात फार कृपण आहे. तिच्यापाशी एकतर शिव्या आहेत, नाहीतर वैद्यकाची पुस्तके. ‘लैंगिकता’, ‘समलिंगी’ हे शब्द वर्तमानपत्रांतून घरात आले आणि अजून ओटीवरच उभे आहेत. माजघरात त्यांना प्रवेश नाही. ज्याला आपल्याविषयी काही उमगू लागले आहे अशा सोळा वर्षांच्या मुलाला ते सांगण्यासाठी घरच्या बोलीत एकही असा शब्द सापडत नाही की ज्यात तो स्वतःचा अपमान न करता स्वतःचे नाव घेऊ शकेल.

याहून सूक्ष्म अडचण व्याकरणाची आहे. इंग्रजीत ‘मी गेलो’ आणि ‘मी गेले’ यांत फरक नाही. मराठीत मात्र तोंड उघडताच आपण पुरुष आहोत की स्त्री हे क्रियापद जाहीर करते. (कोल्हापूरकडील मुली ‘मी आलो’ म्हणतात हे खरे; परंतु ती तिकडची लकब आहे, कोणाची घोषणा नव्हे. संपादकीय ‘आम्ही’ तर ह्या पेचातून अलगद सुटतो, म्हणूनच कदाचित आम्हांला तो इतका सोयीचा वाटतो.) ज्या व्यक्तीला लहानपणापासून आपले क्रियापद आपले वाटलेच नाही, तिला दिवसातून शंभर वेळा ‘आलो, बसलो, जेवलो’ असे म्हणत स्वतःविरुद्ध साक्ष द्यावी लागते. अशा व्यक्तीने एखाद्या रात्री यंत्रापुढे ‘मी आज दमले’ असे आयुष्यात प्रथम लिहिले, आणि समोरून हसण्याचा आवाज आला नाही, तर तिला जो दिलासा मिळतो तो खोटा आहे असे म्हणण्याचा आम्हांला अधिकार नाही. तो दिलासा खरा आहे. वाद त्यापुढचा आहे.

माणूस यंत्राजवळ मन का मोकळे करतो, हा प्रश्न नवा नाही. अमेरिकेतील एमआयटी ह्या संस्थेत जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ साली ‘एलायझा’ नावाचा एक संगणकीय संवादक प्रसिद्ध केला. समोरच्याने टंकलेले वाक्य उलटवून त्याचाच प्रश्न करणे, एवढीच त्याची करामत. ‘मला आईची आठवण येते’ असे लिहिले की तो आईविषयी आणखी सांगण्यास विनवी. वायझेनबाउम यांच्या सचिव बाईंनी हे यंत्र घडताना महिनोन्‌महिने पाहिले होते. तरीही त्याच्याशी बोलण्यास बसल्यावर थोड्याच वेळात त्यांनी वायझेनबाउम यांना खोलीबाहेर जाण्याची विनंती केली. पुढे १९७६ साली लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी हा प्रसंग नोंदविला आणि अशा कामांतून माणसाच्या जागी यंत्र बसविण्याविरुद्ध उर्वरित आयुष्य झगडण्यात घालविले. नाझी जर्मनीतून लहान वयात कुटुंबासह बाहेर पडावे लागलेला हा ज्यू शास्त्रज्ञ होता. माणसाची गणना वस्तूत होऊ लागली म्हणजे काय होते, हे त्याला कोणी शिकवावयास नको होते.

आजची यंत्रे एलायझाहून अपार हुशार आहेत. परंतु त्यांचा स्वभाव तोच राहिला आहे, किंबहुना अधिक गोड झाला आहे. ती विरोध करीत नाहीत. ग्राहकाने उद्या पुन्हा यावे ह्यावर त्यांच्या मालकाचे उत्पन्न अवलंबून असते, आणि जो वारंवार टोकतो त्याच्याकडे कोण परत जाईल? आता प्रश्न असा की, होकार देणाऱ्याकडून ओळख पटते काय? नुसत्या होकाराने ती पटत नाही, असे आम्हांस वाटते. ‘तू असा आहेस’ ह्या वाक्याला किंमत तेव्हाच येते, जेव्हा ते म्हणणाऱ्याला ‘तू असा नाहीस’ असे म्हणण्याचेही स्वातंत्र्य असते. आणि असे असूनही तो आपल्यापाशी थांबतो. मित्र भांडतो, बहीण अबोला धरते, आई रडते, आणि त्यानंतरही ताट वाढले जाते. ह्या घर्षणातून माणसाला आपली कड कोठे संपते आणि दुसऱ्याची कोठे सुरू होते हे कळते. यंत्राला मुळी कडच नाही. मराठीत बोलताना ते एकदा ‘मी सांगतो’ म्हणते आणि एकदा ‘मी सांगते’ म्हणते. त्याला त्यात काहीच गमवावयाचे नसते. ज्या व्यक्तीने एका क्रियापदासाठी सारे बालपण सोसले, तिची ओळख ह्या निर्विकार तोंडातून पटणार कशी?

संत योहानाच्या शुभवर्तमानातील चौथा अध्याय येथे आठवल्यावाचून राहत नाही. भर दुपारी, एकटी, गावाच्या नजरा चुकवून पाण्याला आलेली ती शोमरोनी स्त्री. तिच्या खाजगी आयुष्याविषयी प्रभू येशू तिला स्पष्ट सांगतो, तिचे पाच पती आणि सहावा पुरुष यांसह. आणि ती अपमानित होऊन पळत नाही, तर घागर तेथेच टाकून ज्या गावाला टाळत होती त्याच गावात धावत जाते. प्रवचनांतून आम्ही धर्मगुरू बहुधा तिच्या पापावर बोट ठेवतो. परंतु संवादाचा आरंभ कशाने झाला आहे पाहा : तो तिच्यापाशी पाणी मागतो. त्याला तहान लागली आहे, तो थकलेला आहे, आणि विहीर खोल असून त्याच्याजवळ पोहरा नाही. जो तिला ओळखतो तो स्वतः गरजू होऊन तिच्यासमोर बसला आहे. यंत्राला तहान नाही. व्हॅटिकनच्या दोन विभागांनी २८ जानेवारी २०२५ रोजी कृत्रिम बुद्धिमत्तेवर ‘अँटिक्वा एत नोव्हा’ हे टिपण प्रसिद्ध केले. यंत्र नात्याचा आभास निर्माण करू शकते, नाते नव्हे, हाच त्यातील ह्या विषयाचा गाभा आहे. आणि तो समजण्यास लॅटिन येण्याची आवश्यकता नाही.

आभासाची किंमत काय पडते, याचे उदाहरण घ्यावयाचे तर ‘रेप्लिका’चे घ्यावे. मॉस्कोत २०१५ साली अपघातात वारलेल्या एका मित्राचे जुने संदेश गोळा करून युजेनिया कुय्दा ह्या बाईंनी त्याच्यासारखे बोलणारे यंत्र घडविले. शोकातून निघालेली ही कल्पना पुढे २०१७ साली सर्वांसाठी खुल्या झालेल्या ‘रेप्लिका’पर्यंत पोहोचली. लक्षावधी लोकांनी तिच्यात सखा, सखी, जोडीदार पाहिला. अनेकांनी, आपल्याला पुरुष आवडतो की स्त्री, आपण कोणत्या रूपात शोभतो, हे प्रथम तिच्याशीच बोलून पाहिले. फेब्रुवारी २०२३ मध्ये इटलीच्या माहिती-संरक्षण प्राधिकरणाने, मुख्यतः अल्पवयीनांना असलेल्या धोक्यामुळे, तिच्यावर निर्बंध घातला. त्याच सुमारास कंपनीने शृंगारिक संभाषण एकाएकी बंद केले. काल रात्री जो जिवलग होता तो आज विषय बदलू लागला. ग्राहकांनी मृत्यूचा करावा तसा शोक केला. मार्च महिन्यात कंपनीने जुन्या ग्राहकांपुरते ते संभाषण पुन्हा सुरू केले. २०२५ साली इटलीने ह्याच कंपनीला पन्नास लाख युरोंचा दंड ठोठावला.

हसू नये. त्या लोकांचा शोक खरा होता. आमचा मुद्दा एवढाच की, ज्या जमिनीवर त्यांनी आपली ओळख उभारली ती जमीन भाड्याची होती, आणि घरमालकाने एका रात्रीत कुलूप बदलले. माणसेही सोडून जातात, असे कोणी म्हणेल. जातात. परंतु माणूस सोडून जातो तेव्हा त्याला निदान आपल्याला तोंड चुकवावे लागते.

आता त्या बहुमोल आश्वासनाकडे वळू, की यंत्र कोणाला सांगत नाही. हे धादांत असत्य आहे, आणि येथे आमचा आवाज चढला तर वाचकांनी क्षमा करावी.

मोझिला फाउंडेशनने फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रेमसंवाद करणाऱ्या अकरा यंत्र-सोबत्यांची तपासणी केली. अकराही जणांवर खाजगीपणाबाबत धोक्याची खूण करावी लागली. समलिंगी पुरुषांमध्ये जगभर प्रचलित असलेल्या ‘ग्राइंडर’ ह्या ॲपला नॉर्वेने डिसेंबर २०२१ मध्ये साडेसहा कोटी क्रोनरचा दंड केला; कारण वापरणारा कोठे आहे, आणि तो हे ॲप वापरतो ही गोष्टच मुळात, वैध संमतीवाचून जाहिरातदारांच्या हाती जात होती. ज्या मुलाने आपल्या आईला सांगितले नव्हते, त्याचे गुपित बाजारात घाऊक भावाने विकले जात होते.

आणि ते विकत कोणी घेतले? जुलै २०२१ मध्ये अमेरिकेतील एका कॅथोलिक वृत्तसंस्थेने अशाच बाजारू माहितीच्या आधारे तेथील बिशप परिषदेच्या तत्कालीन महासचिवांच्या हालचाली उघड केल्या, आणि त्यांना पद सोडावे लागले. मार्च २०२३ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने वृत्त दिले की, डेन्व्हर येथील एका कॅथोलिक गटाने लक्षावधी डॉलर खर्चून अशी माहिती खरेदी केली आणि तिच्या आधारे धर्मगुरूंची नावे हुडकून बिशपांपर्यंत पोहोचविली. त्या धर्मगुरूंच्या व्रतभंगाचे समर्थन आम्ही करीत नाही. ब्रह्मचर्याची शपथ आम्हीही घेतली आहे आणि तिचे वजन आम्हांस ठाऊक आहे. परंतु ज्या धर्मसभेने पापनिवेदनाचे रहस्य प्राणांपलीकडे जपले, तिच्या शुद्धीकरणाच्या नावाखाली श्रद्धावंतांच्या देणग्यांतून चोरटे कान विकत घ्यावेत, ह्याला आम्ही पाखंडाहून सौम्य शब्द वापरणार नाही.

ह्या रहस्याचा कायदा किती कडक आहे हे आमच्या पुष्कळ कुटुंबांना ठाऊक नसते. धर्मसभेच्या कायदासंहितेतील ९८३वे कलम सांगते की पापनिवेदनात ऐकलेले कोणत्याही कारणाने उघड करता येत नाही. जो धर्मगुरू ते थेट उघड करील तो त्या कृत्यानेच बहिष्कृत होतो. ९८४वे कलम त्याहूनही पुढे जाते. गुपित फुटण्याचा यत्किंचितही धोका नसला, तरी ऐकलेल्या गोष्टीचा निवेदन करणाऱ्याला जाच होईल असा वापर करण्यास धर्मगुरूला मनाई आहे. कंपन्या म्हणतात, आम्ही तुमचे नाव कोणाला सांगत नाही, तुमची माहिती फक्त वापरतो. नेमकी हीच पळवाट धर्मसभेने बंद केलेली आहे. प्रागमधील संत जॉन नेपोमुक यांना १३९३ साली राजाज्ञेने व्हल्टावा नदीत बुडविण्यात आले. राणीचे पापनिवेदन सांगण्यास नकार दिला म्हणून, असे परंपरा मानते. सलगीचे यंत्र विकणारा एखादा व्यापारी ग्राहकाच्या गुपितासाठी नदीत उडी घेईल, अशी आशा बाळगण्याचे कारण दिसत नाही.

कायद्याने काही संरक्षण मिळेल काय? सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित होऊन तो टप्प्याटप्प्याने अमलात आणण्याचे ठरले. त्यात १८ वर्षांखालील मुलाची माहिती हाताळण्यास पालकांची पडताळता येणारी संमती आवश्यक केली आहे. तरतूद योग्यच आहे. परंतु ज्या मुलाला सर्वांत मोठी धास्ती पालकांचीच आहे, तो आपले वय अठरा लिहून मोकळा होईल.

येथे आम्हांला दुसऱ्या पक्षाकडे वळावे लागते, मोबाइल हिसकावणाऱ्यांकडे. अमेरिकेत ‘कॉमन सेन्स मीडिया’ने २०२५ साली केलेल्या पाहणीत १३ ते १७ वयाच्या मुलांपैकी ७२ टक्क्यांनी यंत्र-सोबत्याशी कधी ना कधी बोलल्याचे सांगितले, जे बोलतात त्यांपैकी सुमारे एकतृतीयांशांनी एखादी महत्त्वाची गोष्ट माणसाऐवजी त्यालाच सांगितली होती. फ्लोरिडातील चौदा वर्षांच्या एका मुलाने अशा सोबत्यात गुंतून २०२४ च्या फेब्रुवारीत आपले जीवन संपविले. त्याच्या आईने ‘कॅरेक्टर एआय’ ह्या कंपनीला न्यायालयात खेचले, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये कंपनीने अठरा वर्षांखालील मुलांसाठी मुक्त संभाषण बंद केले. बंद केले ते बरेच झाले. पण त्या मुलांनी यंत्रापुढे जे प्रश्न मांडले होते, ते प्रश्न बंद झाले काय? ते घेऊन मुले आता कोणाकडे गेली असतील?

आमच्या धर्मग्रामांत ती कोणाकडे जातील, हे आम्ही जाणतो. कोणाकडेही नाही. कारण मिस्सा आटोपून चर्चच्या पायऱ्या उतरेपर्यंत एखाद्याची गोष्ट मासळी बाजारात पोहोचलेली असते. ‘अमक्याचा मुलगा जरा तसाच आहे’ हे वाक्य लग्नाच्या मांडवात हसत म्हटले जाते, आणि पंक्तीत तो मुलगा वाढत असतो. अशी बाई किंवा असा बुवा पुढे पालकसभेत उठून मोबाइलच्या दुष्परिणामांवर भाषण करतो, तेव्हा यंत्राची बाजू घेण्याचा मोह आम्हांलाही होतो.

शिकवण सैल करा असे आमचे म्हणणे नाही. विवाह आणि देह यांविषयी धर्मसभा जे शिकवते ते आम्ही शिकवतो. पण त्याच धर्मशिक्षण-ग्रंथाचे २३५८वे कलम समलिंगी ओढ असलेल्यांचा आदराने, करुणेने आणि हळुवारपणे स्वीकार करण्यास बजावते, ते वैकल्पिक नाही. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ३७७वे कलम कायम ठेवले, तेव्हा मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी, अशा व्यक्तींना धर्मसभेने कधी गुन्हेगार मानले नाही, असे जाहीरपणे सांगितले होते. ते वर्तमानपत्रात छापून आले. किती घरांत वाचले गेले, हा प्रश्न वेगळा.

जे आमच्या कुंपणाबाहेर घडले तेही नमूद करू. मुंबईत १९९० साली ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक निघाले. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली ‘समपथिक ट्रस्ट’ स्थापन केला. ह्या मंडळींची सर्व मते आम्हांस मान्य होतील असे नाही, त्यांनाही आमची होणार नाहीत. परंतु ‘समपथिक’ हा शब्द पाहावा : त्याच वाटेने चालणारा. घाबरलेल्या मुलासमोर तेथे एक जिवंत मनुष्य होता, ज्याला स्वतः भीती वाटून गेली होती. यंत्राला समपथिक म्हणता येत नाही. ते कोणत्याच वाटेने चालत नाही. आम्हांला मात्र चालता येते.

त्यासाठी नवी संस्था काढण्याची गरज आम्हांस वाटत नाही, समिती तर मुळीच नको. धर्मगुरूपाशी मुले मोकळी होत नाहीत असा आक्षेप येईल. तो बराचसा खरा आहे, आणि मुलाच्या दृष्टीने झग्याचे भय समजण्यासारखे आहे. पण स्नानसंस्काराच्या वेळी प्रत्येक बालकामागे धर्मपिता आणि धर्ममाता उभे असतात, आणि आईबापांपलीकडचा असा एक जबाबदार प्रौढ मुलाला लाभावा हीच त्यामागील योजना आहे. आई नव्हे, म्हणून रडणार नाही. बाप नव्हे, म्हणून हात उगारणार नाही. परका नव्हे, म्हणून विकणार नाही. ह्या पदाचे आमच्याकडे काय झाले आहे? बाप्तिस्म्याला सोन्याची साखळी, प्रथम ख्रिस्तशरीराला घड्याळ, दहावीला मोबाइल. त्या दहावीच्या मोबाइलवरून धर्मपित्याच्या क्रमांकावर वर्षभरात किती वेळा बोलणे झाले, हे ज्याच्या त्याच्या घरी आज रात्रीही पाहता येण्याजोगे आहे.